हवेवरची हातोडी

कारेकरांनी काउंटरवर हिरवं फडकं अंथरलं आणि त्यावर कोरायच्या यंत्रांची हातात धरायची तीन हँडपीस ओळीनं मांडली, मुलगी बघायला आलेल्यांपुढं पोह्यांच्या बशा मांडाव्यात तशी.

"घ्या हातात," ते म्हणाले. "हे डोळ्यांनी पसंत करायचं काम नव्हे."

आमच्या ह्यांनी डावा हात पुढं केला. उजवा पँटच्या खिशात होता. घरातून निघताना मीच तो उचलून खिशात घालून दिला होता, नाहीतर चालताना तो लोंबकळतो आणि लोक आधी त्याच्याकडं बघतात, मग ह्यांच्याकडं.

कोल्हापुरात गुजरीच्या मागच्या बोळात कारेकरांचं दुकान होतं. सोनारांना लागणारी यंत्रं आणि हत्यारं ते विकायचे. दुकान शोधून काढलं होतं आमच्या सम्मेदनं. पुण्याहून दोन दिवसांची रजा काढून आला होता पोरगा, आणि माझ्या शेजारी उभा राहून वडिलांच्या हाताकडं बघत होता. त्याच्या तोंडावर एवढी आशा होती की मला त्याच्याकडं बघवेना. कारण मी मनातल्या मनात पद्मावती देवीला सांगत होते, बाई, ह्यातलं एकही यंत्र चालू नये.

असं का, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

आम्ही हुपरीचे. हुपरी म्हणजे चांदीचं गाव, घराघरात पैंजण, छल्ले, करगोटे. हे मात्र चांदीला हात लावत नसत. हे ठसे खोदायचे. पोलादाच्या ठोकळ्यात नक्षी उलटी कोरायची, मग त्यावर चांदीचा पत्रा दाबला की मोर असो नाहीतर देवाचा मुखडा असो, सुलटा उठून येतो. गावातले निम्मे मोर ह्यांच्या हातचे होते. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, पान नाही, हात उगारणं नाही. तक्रारीला कुठं जागाच ठेवली नव्हती, आणि हीच तक्रार मी कुणाला सांगणार? लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी माझ्याशी त्यांचं बोलणं जेवणापुरतं. आमटीत मीठ कमी पडलं तर दोन शब्द जास्त मिळायचे, म्हणून कधीकधी मी मुद्दाम कमी घालत असे. त्यांचं सगळं बोलणं त्या पोलादाशी.

मग एका संध्याकाळी उसाच्या ट्रॉलीवर मागून त्यांची मोटारसायकल आदळली. ट्रॉलीला मागचा दिवा नव्हता. उजव्या खांद्यातली शीर तुटली. मिरजेच्या डॉक्टरांनी हात उचलून सोडून दाखवला आणि म्हणाले, हात आहे, पण तार तुटली.

सगळं गाव हळहळलं. उजवा हात गेला, आता काय राहिलं म्हणाले. दवाखान्यात पडल्या पडल्या उलट हेच लोकांना समजावत होते की ठसा खोदताना कलम, म्हणजे कोरायची छिन्नी, डाव्या हातात असतं. कुठं वळायचं, किती खोल जायचं, पोपटाची चोच कुठं संपवायची, हे सगळं डावा हात ठरवतो. उजव्यानं नुसतं कलमाच्या डोक्यावर हातोडीनं ठोकत राहायचं.

"बैल मेला," ते म्हणाले. "गाडीवान जिवंत हाय."

पण बैलावाचून गाडी चालते कुठं? पहिला ठोकायला ठेवलेला माणूस पहार ठोकावी तसा ठोकायचा. त्यानं कलमाची टोकं मोडली. दुसरा ठोकता ठोकता गावच्या भानगडी सांगायचा, हातोडी एकीकडं आणि जीभ एकीकडं. त्यालाही घालवून दिलं. मग हे खोलीत भिंतीकडं तोंड करून बसायला लागले. ताट पुढं ठेवलं की दोन घास खाऊन सरकवायचे. मला भीती वाटायची. विहीर आमच्या परड्यातच होती.

एका दुपारी मी खोलीत गेले, पाट ओढला, त्यांच्या समोर बसले आणि हातोडी घेतली. मी ठोकते, म्हटलं.

"ही काय चटणी कुटायची हाय?"

"चटणी कुटणारीलाच कळतंय, कुठं जोर लावायचा आणि कुठं नाही," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. पण कलम उचललं.

सुरुवातीचे दिवस नुसते "हलकं, आणखी हलकं, थांब" ह्यातच गेले. नजर कलमाच्या टोकावर ठेवायची नाही, डोक्यावर ठेवायची, हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल. मग एक दिवस एक वेल मधे न थांबता पूर्ण वळली, आणि ते म्हणाले, "हां."

एवढंच. लोकांना बायकोला साड्या घ्याव्या लागतात. माझा त्या "हां"वर महिना निघाला.

पुढं सांगायची गरजच उरली नाही. कलमावरच्या त्यांच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं की जोरात ठोकायचं, सैल झालं की नुसतं टेकवायचं. इतक्या वर्षांत त्यांचं मन मला ओळखता आलं नव्हतं, अंगठा ओळखता यायला लागला. सकाळची कामं उरकून मी समोर बसायची ते उन्हं कलेपर्यंत. गुडघ्याला गुडघा लागायचा. ते खाली मान घालून कोरत राहायचे आणि मी ठोकत राहायची. मधेच एखादं वाक्य त्यांच्याकडून निसटायचं. त्यांच्या वडिलांनी पहिलं कलम हातात दिलं तेव्हा हे रडले होते, हे मला तेव्हा कळलं. एकदा पोलादाची कपची उडून माझ्या डोळ्याखाली बसली, तर त्यांनी अंगठ्याला थुंकी लावून ती अलगद उचलली. त्या संध्याकाळी माझ्या सगळ्या भाकऱ्या करपल्या आणि त्यांनी काही न बोलता खाल्ल्या.

माझा खांदा सुजायचा. निगडीचा पाला शेकून बांधायची आणि पदर त्यावरून घ्यायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, राजमतीच्या नशिबी काय हे, ह्या वयात घण मारायचे. मीही मान हलवायची. सुखाला दृष्ट लागू नये म्हणून माणसं रडकं तोंड करतात, तसं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला सम्मेद आला आणि त्यानं तो खांदा बघितला. बापाला जे कधी बोलला नव्हता ते बोलला. मग फोनवर त्यानं आम्हाला दाखवलं, परदेशात एक बाई बसलीय, हातात मुठीएवढं यंत्र, हातोडी नाहीच, आणि पोलाद लोण्यासारखं कापलं जातंय. यंत्रच आतून ठोकतं, तो सांगत होता, एका हातानं सगळं होतं. फोन हातात धरून हे कितीतरी वेळ तेच बघत राहिले. मी चहा ठेवायला उठले.

तर कारेकरांचं दुकान.

पहिलं होतं मोटरवरचं. खुंटीला मोटर टांगलेली, तिच्यातून एक लवचिक नळी खाली आलेली, नळीच्या टोकाला हँडपीस. ह्यांनी ते पोलादाच्या तुकड्यावर टेकवलं आणि सगळा हात थरथरायला लागला. रेघ उठली, पण तिच्या कडा कुरतडल्यासारख्या. ह्यांनी नाक मुरडलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दुसरं हवेवरचं. कोपऱ्यात कॉम्प्रेसर, त्याची हवा नळीतून येऊन हँडपीसच्या आतला छोटा दट्ट्या मागंपुढं करते, तोच ठोके देतो. पण ठोक्याचा जोर पायाखालच्या पॅडलनं कमीजास्त करायचा. हे जन्मभर मांडी घालून जमिनीवर बसून काम केलेले.

"मांडी घातली की पाय कुठला?" ह्यांनी विचारलं.

कारेकर हसले, म्हणाले, खुर्चीची सवय करा. ह्यांनी हँडपीस परत फडक्यावर ठेवलं. मी पद्मावतीचे आभार मानायला सुरुवात केली होती.

तिसरं पण हवेवरचंच, मात्र बिनपॅडलचं. मागचा भाग लाकडी, मश्रूमसारखा गोल, तळहातात बसणारा. तळव्यानं दाबलं की ठोका जड, सैल सोडलं की हलका. कारेकरांनी गोळ्यावर फिरणारा एक जड शिकंजा जमिनीवर काढून ठेवला, त्यात तुकडा आवळला. तो एका बोटानं फिरत होता. हे खाली बसले, मांडी घातली. डाव्या हातानं कापायचं, थांबायचं, त्याच हातानं शिकंजा फिरवायचा, पुन्हा कापायचं. पहिल्या दोन रेघा घसरल्या. तिसरी निघाली ती निघालीच. पुढं गेली, वळली, बारीक होत होत केसाएवढी झाली आणि संपली.

"हां," ते म्हणाले.

यंत्राला म्हणाले.

सम्मेदनं माझा हात दाबला, त्याला वाटलं आईचे डोळे आनंदानं भरलेत.

पण कारेकर सरळ माणूस होते. त्यांनीच विचारलं, तुमच्याकडं लोडशेडिंग किती? तेव्हा दिवसाचे पाच-सहा तास लाइट जायची, कधी त्याहून जास्त. मग विचार करा, ते म्हणाले. कॉम्प्रेसर इन्व्हर्टरवर ओढत नाही. लाइट गेली की हे हँडपीस म्हणजे नुसता लाकडाचा गोळा. त्यापेक्षा मोटरवरचं घ्या, साध्या इन्व्हर्टरवर चालतं, वर रबराची मूठ बसवून देतो, थरथर निम्मी होईल. त्यांनी मूठ बसवलीसुद्धा. ह्यांनी पुन्हा चालवून बघितलं. आता रेघ बरी येत होती. देखणी नव्हे, पण गिऱ्हाईक नाव ठेवणार नाही अशी.

दोन्ही तुकडे शेजारी ठेवून हे बघत बसले. मला माणूस माहीत होता. हौसेसाठी पोटाला चिमटा काढणाऱ्यांतला नव्हता. मोटरवरचंच घेणार होते. मग दिवसभर चालेल, लाइट असो नसो, आणि मी स्वयंपाकघरात जाईन ती कायमची.

तेवढ्यात त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं.

"तू सांग," ते म्हणाले. "इतके दिवस हातोडी तुझी होती. तुझ्यागत कुठलं पडतंय?"

दुकानात सगळे माझ्याकडं बघायला लागले. लग्नानंतर पहिल्यांदा ते मला काही विचारत होते, आणि विचारत होते हे, की तुझ्या जागी कुणाला बसवू. मी खाली बसले. शिकंज्यावर तळवा टेकवला आणि दोन्ही चालवा म्हटलं.

मोटरवरचं रेशनच्या रांगेतल्या बायकांसारखं होतं, सगळ्या एकदम बोलणाऱ्या. हवेवरचं मात्र सुरुवातीला नुसतं टेकत होतं, त्यांच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं तसं जड होत गेलं, आणि नख सुटलं तसं हलकं. मी डोळे मिटले असते तर मला माझाच हात वाटला असता.

"हे," मी म्हटलं आणि हवेवरच्याकडं बोट केलं.

ते माझ्यासारखं पडत होतं, हे खरंच. पण लाइट गेली की ते बंद पडणार होतं, हेही तितकंच खरं, आणि बोट केलं तेव्हा माझ्या मनात दुसरंच होतं. दिवसाचे पाच तास मला उरत होते. भरल्या ताटातून उठवलेल्या माणसानं जाता जाता भाकरीचा तुकडा उचलावा, तसे मी ते पाच तास उचलले. आजही कुणी विचारलं तर मी त्याच हँडपीसकडं बोट करीन.

"आई, आणि लाइट गेल्यावर?" सम्मेदनं विचारलं.

"लाइट गेल्यावर मी हाय की."

हे हातातल्या लाकडी गोळ्यावरून अंगठा फिरवत राहिले. त्यांचं गप्प बसणं मी होकारात धरलं. बोलण्याची सवय नसलेल्या माणसाबरोबर राहिलं की हीच खोड लागते, त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्याला हवा तो लावायचा.

यंत्र घरी आलं. सम्मेदनं आणि कारेकरांच्या माणसानं जोडून दिलं. ओल लागू नये म्हणून कॉम्प्रेसरची टाकी कशावर तरी उचलून ठेवायची होती, तर ह्यांनी माझा पाट दाखवला. त्याच्यावर ती नीट बसली. मग हे माझ्याकडं वळून म्हणाले, "आता तू मोकळी."

गल्लीतल्या बायका बघायला आल्या. सुटलीस बाई, म्हणाल्या. एकीनं साखर आणली होती. मी सगळ्यांना चहा दिला.

त्या आठवड्यात आमच्या भागाच्या लोडशेडिंगची पाळी पहाटेची होती. दिवसभर लाइट असायची आणि दिवसभर आतून कॉम्प्रेसरची घरघर यायची, आणि तिच्या खाली तो बारीक ठोका. मी चुलीपुढं बसून ऐकायची. कुठं वळण आलंय, कुठं टोक बारीक चाललंय, मला न बघता कळायचं. कळून करणार काय? भाकरी थापायची.

पुढच्या सोमवारपासून पाळी दुपारची लागणार होती. खोटं वाटेल, पण मी त्या सोमवारची वाट माहेरच्या बोलावण्यासारखी बघितली. सकाळी लवकर स्वयंपाक उरकला. केस घट्ट बांधले, पदर खोचला. खांद्याला चांगला आराम मिळाला होता. हातोडी कपाटातून काढून पुसून ठेवली.

जेवणं झाली आणि लाइट गेली. कॉम्प्रेसरची घरघर बंद पडली, पण ठोका चालूच राहिला. टाकीत हवा शिल्लक होती. मग तो हलका होत गेला, आणखी हलका, आणि थांबला.

मी हातोडी घेऊन आत गेले. हे शिकंज्यापुढं बसले होते, हँडपीस मांडीवर. समोर अर्धा मोर. पिसारा झालेला, मान व्हायची होती. बसायला जागा नव्हती, पाटावर टाकी होती, म्हणून मी उभीच राहिले.

"थोडं ठोकून देते," मी म्हटलं. "लाइट यायला वेळ हाय."

"राहू दे."

"मला दुसरं काय काम हाय? सगळं आवरलंय."

"राहू दे म्हटलं की."

मला वाटलं खांद्याची काळजी. तेवढ्यानंही मी विरघळले. खांदा आता दुखत नाही, एकदम बरा आहे, असं मी सांगायला लागले. हात वर करून दाखवला.

"खांद्याचं न्हवं," ते म्हणाले. मग मांडीवरचं हँडपीस खाली ठेवलं. बोलायला लागले तेव्हा आवाजात राग नव्हता. उलट, आधी कधी ऐकला नव्हता इतका मऊ होता.

"तू समोर बसलीस की मला दिसायचं, माझा हात मेलाय. एकेका ठोक्याला दिसायचं. मी मान खाली घालून बसायचो ते काय कलमाकडं बघायला व्हय? कलम मला आंधळ्यानं पण चालवता येतंय. तुझ्याकडं बघायचं नाही म्हणून बसायचो. सकाळी तुझी भांडी घासून होत आली की मला धडकी भरायची, आता ही येणार. ती दोन वर्षं देवानं वैऱ्याला पण दाखवू नयेत."

मी हातोडी पदराखाली घेतली.

"तू पण लई सोसलंस," ते म्हणाले. "मला कळत होतं. बोलून दाखवलं नाहीस कधी, पण कळत होतं. आता सुटलो बघ दोघंबी."

आणि ते माझ्याकडं बघून हसले. मनापासून हसले, एका तुरुंगातून बरोबर सुटलेल्या माणसाकडं बघून हसावं तसे. इतक्या वर्षांत ते माझ्याशी एवढं बोलले नव्हते, आणि त्यानंतर गेले तोवर कधी बोलले नाहीत.

"व्हय," मी म्हटलं. "सुटलो."

दुसरं काय म्हणणार होते? त्यांच्या तोंडावरचं ते समाधान माझ्याच्यानं पुसवलं नसतं, आणि माझं जे होतं ते आता कुणाला दाखवायची सोय राहिली नव्हती. ते खिडकीकडं तोंड करून लाइटची वाट बघत बसले. मला बाहेर जायला पाऊल उचलेना, तिथं थांबायला कारण उरलं नव्हतं. भिंतीला टेकून उभी राहिले आणि पद्मावतीला म्हटलं, बाई, आता लाइट येऊ दे.

ती त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत आली नाही.